सगळे हक्क माझ्याकडे आहेत

गुरुजींना मी एवढंच सांगितलं होतं की कंपनीनं काढून टाकलं. त्यात खोटं काही नव्हतं. कंपनीनंच काढलं होतं. त्याच्या पुढचं एक वाक्य मी बोललो नाही, आणि ते न बोलण्यात जवळजवळ दीड वर्ष गेलं. ते वाक्य इथे लिहायचं आहे. त्यासाठी आधीचं थोडं सांगावं लागेल.

मी घाटंजीत एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. वय सत्तेचाळीस. घरची शेती भाऊ पाहतो. बोलण्याची सवय मला लहानपणापासूनच कमी. बायको म्हणते, "लगन माह्याशी लावलं अन नांदता त्या मुक्यापणासंग." सुरुवातीला ती हे हसून म्हणायची.

गुरुजी बंजारा. गावापासून सात-आठ किलोमीटरवर त्यांचा तांडा. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून रिटायर झाले, त्यालाही बरीच वर्षं झाली. एका बाजाराच्या दिवशी ते कापडी पिशवीत चार जाड वह्या घेऊन माझ्या शाळेत आले.

"सर, हे मोबाइलमधी घालून द्या."

"काय आहे गुरुजी?"

"शब्द हायेत. आमच्या गोरबोलीतले. दोन हजाराच्या वर भरतीन. इकडं शब्द, इकडं त्याची मराठी."

"कोणासाठी?"

"नात हाय पुण्याले. आजी तिच्यासंग फोनवर आमच्या बोलीत बोलते, तं ते पोट्टी म्हणते, आजी, मराठीत बोल ना गं." त्यांनी 'ना गं' बरोबर पुण्याच्या हेलात म्हणून दाखवलं. "आता हिची आजी मराठीत बोलाले लागली तं आम्ही घरात कोणाशी बोलावं?"

सगळं नव्यानं लिहायची माझी कुवत नव्हती. शोधता शोधता एका परदेशी माणसानं बनवलेला शब्दकोशाचा प्रोग्राम सापडला. कोणत्याही भाषेचे शब्द त्यात भरायचे. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसतो, बाजूचं बटन दाबलं की उच्चार ऐकू येतो. प्रोग्राम मुक्त होता. त्याचा परवाना असा: घ्या, वापरा, उघडून आतलं पाहा, बदला, कोणालाही द्या. ज्याला द्याल त्यालाही हीच सगळी मोकळीक मिळाली पाहिजे, वरून कसलाही नवा अडसर घालायचा नाही. ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांची नावं आणि हा परवाना, दोन्ही सोबत गेले पाहिजेत.

हे मी गुरुजींना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"मंग आपले शब्द बी याच अटीवर देऊ."

"म्हणजे ते कोणीही घेऊ शकेल, गुरुजी. उद्या कोणी तुमच्या वह्या छापेल."

"छापू द्या न. बोली काय वावर हाय का, धुरा टाकून हद्द कराले?"

पण वह्यांतले शब्द एकट्या गुरुजींचे नव्हते. बैलाच्या साजाचे शब्द कोणी म्हाताऱ्यानं दिलेले, जात्यावरचे कोणी बाईनं. वहीच्या मागच्या पानावर अशी एकोणचाळीस नावं होती. मी म्हटलं, या प्रत्येकाला विचारावं लागेल.

"एकेकाले कायले?" गुरुजी म्हणाले. "नायकाले इचारू."

नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्यांच्यात तसंच चालतं. नायकानं हो म्हटलं की तांड्यानं हो म्हटलं. आमच्या घरांत विहिरीवर मोटर बसवायची तरी चार भावांच्या चार सह्या लागतात, आणि पाचवी बहिणीची. माझ्या बहिणीची सही मी कशी घेतली ती गोष्ट वेगळी आहे. ती इथे सांगत नाही.

नायकाच्या ओट्यावर वीस-पंचवीस जण जमले. नायक माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, हातात सुपारीचा अडकित्ता. मी परवाना समजावून सांगितला. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"सर, माह्यापाशी हे आलं अन माह्या साडभावापाशी नाही, तं मी त्याले देऊ शकतो का?"

"देऊ शकता."

"कंपनी-फिंपनीले इचारल्याबिगर?"

"न विचारता."

"मंग हो."

बाकी कोणी बोललं नाही. चहा आला. एकोणचाळीस जणांचं काम एका 'हो'त झालं म्हणून मी सुटल्यासारखा गाडीवर बसलो. परवान्याला नायक कळत नाही, त्याला एकेक माणूस लागतो, हे मला ठाऊक होतं. मी ते त्या ओट्यावर सांगितलं नाही.

आवाज गुरुजींच्या घरी भरले. दिवाळी होऊन गेली होती, वेचलेला कापूस घरात आला होता. मधली खोली भिंतींकडून आढ्यापर्यंत भरलेली. अशा खोलीत बोललेलं भिंतीवर आपटून परत येत नाही, जिथल्या तिथे मुरतं. एवढी चांगली जागा मला यवतमाळातही मिळाली नसती. अंग तेवढं खाजायचं.

निम्म्याहून जास्त शब्द गुरुजींच्या बायकोनं म्हटले. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, म्हणजे आई. मीही म्हणू लागलो. ती कापसाच्या ढिगावर बसायची, हळूहळू कमरेपर्यंत खाली जायची, आणि एकेक शब्द तीनदा म्हणायची. मध्येच हसायची. "हे बी लिव्हलं का यानं? हे का लिव्हाची गोष्ट हाय?" शिव्यांचं पान आलं तेव्हा तिनं गुरुजींना बाहेर पाठवलं, दार लोटलं, आणि मग सगळ्या शिव्या स्वच्छ आवाजात म्हणून दिल्या. बाहेरून गुरुजी म्हणाले, "यातल्या अर्ध्या मले रोज ऐकू येतात, आज लपवून काय राह्यली?"

साध्या फोनांवर तो शब्दकोश भराभर पसरला. तांड्यावर नेटवर्क धड नसतं, त्यामुळे लोक फोनला फोन लावून एकमेकांना द्यायचे. घाटंजीच्या बाजारात शेळ्यांच्या बाजूला बसलेले दोन अनोळखी म्हातारे बटन दाबून याडीचा आवाज ऐकत हसताना मी पाहिले. इथपर्यंत माझ्या हातून काही वाईट झालं नव्हतं.

मग पुण्याहून गुरुजींच्या मुलाचा फोन आला. "सर, हिच्या फोनमध्ये ते येतच नाही."

नातीचा फोन दुसऱ्या जातीचा होता, महागडा. त्या फोनात बाहेरून काही घालता येत नाही. जे घालायचं ते कंपनीच्या स्वतःच्या दुकानातूनच येतं, आणि दुकानात ठेवायचं तर प्रोग्रामही कंपनीच्याच कॉम्प्युटरवर बांधावा लागतो. तसा कॉम्प्युटर यवतमाळात मला एका लग्नाच्या फोटोवाल्याकडे सापडला. अल्बम तो त्यावर करायचा. आषाढात लग्नं नसतात, तेव्हा तो म्हणाला, "या, बसा दुपारचे."

तिथे बसून मी दुकानाचे नियम वाचले. लांबलचक होते, पण मुद्दा सरळ होता. दुकानातून घेतलेली वस्तू ज्यानं घेतली त्यानं स्वतःच्या फोनात वापरावी. दुसऱ्याला द्यायची नाही, उघडायची नाही. आमचा परवाना म्हणत होता, देता आलं पाहिजे, आणि वरून अडसर नको. दोन्ही एका ठिकाणी बसत नव्हते. एकच वाट होती: ज्यांनी ज्यांनी त्या कामात हात लावला त्या सगळ्यांनी या एका दुकानापुरती सूट लिहून द्यायची.

मी त्या परदेशी माणसाला पत्र लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं. त्याची स्वतःची हरकत नव्हती. पण त्याच्या कामात पुढे आणखी चार जणांनी भर घातली होती, त्यांना विचारल्याशिवाय तो हो म्हणू शकत नव्हता, आणि चौथ्याचा पत्ता लागत नव्हता. तोवर थांबा, असं त्यानं लिहिलं. तुमच्याकडे ज्यांनी शब्द दिले त्यांनाही विचारून ठेवा, असंही लिहिलं.

दोन महिने थांबलो. दर बाजाराला गुरुजी शाळेत डोकावायचे. "त्या पुण्याच्या फोनचं कुठवर आलं?"

"चालू आहे."

पोळ्याच्या आसपास याडीला यवतमाळला दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर गुरुजी व्हरांड्यात बसले होते. म्हणाले, "पोरीच्या फोनात हिचा आवाज लौकर जाऊ द्या, सर." एवढंच म्हणाले. मी तिथून सरळ फोटोवाल्याकडे गेलो.

कंपनीच्या फॉर्मवर एक चौकोन होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं: या कामाचे सगळे हक्क माझ्याकडे आहेत. मी त्यावर खूण केली. आतलं परवान्याचं पान तपासणाऱ्याच्या नजरेला आलं असतं, म्हणून तेही काढलं. त्या पानावर नावं होती. परदेशी माणसाचं, त्या चौघांची, गुरुजींचं, याडीचं, तांड्यावरच्या सगळ्यांची. ती गेली. बनवणाऱ्याच्या जागी एकच नाव मावत होतं, तिथे माझं टाकलं.

हे याडीसाठी केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. आवाजाच्या नुसत्या फायली पुण्याला पाठवता आल्या असत्या. मोठा फोल्डर, शब्दाच्या नावानं लावलेला. त्याला कोणाचीच परवानगी लागत नव्हती. परवाना तर द्याच म्हणत होता. मी गुरुजींना हे सुचवलं नाही. दुकानात शब्दकोश आला त्या दिवशी मी तिथल्या त्याच्या पानाचा फोटो काढला आणि शाळेतल्या लोकांना पाठवला. फोटोत माझं नाव वाचता येईल एवढा तो जवळून काढला होता.

याडी दवाखान्यातून घरी आल्यावर मुलानं पुण्याहून फोन लावला, आणि नातीच्या फोनातून निघणारा स्वतःचा आवाज तिनं ऐकला. हिवाळ्यात ती गेली.

शब्दकोश दुकानात अकरा महिने निर्धास्त राहिला. मग परदेशातून पत्र आलं. त्यानं दुकानात पाहिलं होतं. परवान्याचं पान दिसत नाही, नावंही नाहीत, काही चूक झाली असेल, कृपया दुकानातून काढून घ्या, आपण बाकीच्यांची संमती मिळवू आणि मग पुन्हा ठेवू. मला तक्रार करायची इच्छा नाही, असं शेवटी होतं. मी उत्तर दिलं नाही. महिन्यानं दुसरं आलं, तितकंच सभ्य. त्यालाही दिलं नाही. उत्तर लिहायचं तर काय लिहायचं ते मला माहीत होतं, म्हणूनच लिहिलं नाही. शेवटी त्यानं कंपनीला कळवलं आणि कंपनीनं शब्दकोश उचलून बाहेर ठेवला. मला कारणासकट कळवलं.

गुरुजी बाजाराच्या दिवशी आले. मुलाकडून त्यांना कळलं होतं की दुकानात आता दिसत नाही. नातीच्या फोनात होता तो चालत होता, पण फोन बदलला की जाणार.

"कंपनीनं काढून टाकलं," मी म्हटलं.

"काहून?"

"त्यांच्या नियमात बसत नाही म्हणे."

"आपली बोली बसत नाही?"

मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी 'हो' असा अर्थ घेतला, आणि तो तसा घेतील हे मला त्याच क्षणी दिसलं होतं.

त्यानंतर ते एकटेच लढायला लागले. यवतमाळच्या एका कॉलेजात बोलीभाषांवर कार्यक्रम होता, तिथे उभं राहून बोलले. एका छोट्या पेपरात चार ओळी आल्या. मला म्हणाले, कंपनीला इंग्रजीत पत्र लिहून द्या. त्यांनी मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं, त्यांनी खाली सही केली. पाठवतो म्हणून ते मी ठेवून घेतलं आणि पाठवलं नाही. मग दर बाजाराला तेच.

"आलं का उत्तर?"

"अजून नाही."

"मोठे लोक हायेत, आपल्याले कायले उत्तर देतीन."

घरात ते परदेशी पत्र बायकोनं वाचलं होतं. माझा फोन तिच्या हातात असताना आलं, आणि तिला इंग्रजी माझ्याइतकंच येतं. तिनं एकदाच विचारलं. "त्या म्हाताऱ्याले तुमी सांगत काहून नाही?"

"सांगतो."

"कधी? थो गेल्यावर?"

दुसरा उन्हाळा लागताना, म्हणजे यंदा, गुरुजींचा फोन आला. आवाजात उत्साह होता. नायकाशी बोलणं झालं होतं. सोमवारी तांड्यावरचे चाळीस-पन्नास लोक यवतमाळला कलेक्टर ऑफिससमोर धरण्याला बसणार होते. बोलीचा अपमान, हा विषय. बायाही येणार होत्या, जुना काचांचा पोशाख घालून. एसटीचं सांगून झालं होतं. "तुमी बी चला, सर. तुमाले माहीत हाय सारं."

रविवारी सकाळी तांड्यावर गेलो. गुरुजी अंगणात पांढऱ्या कापडावर लाल रंगानं अक्षरं काढत होते. शिक्षकाचं वळणदार अक्षर. मी म्हटलं, गुरुजी, ब्रश खाली ठेवा. मग सगळं सांगितलं, उभ्यानंच. चौकोनाचं, काढलेल्या नावांचं, दोन पत्रांचं, त्यांच्या सहीच्या न पाठवलेल्या पत्राचं.

त्यांनी मध्ये थांबवलं नाही. झाल्यावर विचारलं, "म्हंजे बोलीचं काही नव्हतं?"

"नव्हतं."

"मी कॉलेजात बोललो थे?"

"ते खरं नव्हतं. मला माहीत होतं."

ते ब्रश पाण्यात धूत राहिले. पाणी लाल झालं तरी धूत राहिले. मी म्हटलं, मला माफ करा. तेव्हा ते म्हणाले, "मले काय सांगता? हो मी म्हटलं होतं का? नायकापुढं सांगा."

दुपारी नायकाच्या ओट्यावर माणसं जमली, धरण्याला येणारी सगळी. मी इतक्या लोकांपुढे शाळेबाहेर कधी बोललो नव्हतो. म्हटलं, दुकानाची अट अशी की तिथून घेतलेलं दुसऱ्याला देता येत नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं, देता येईल. दोन्ही जुळायचं तर प्रत्येकानं वेगळी सूट लिहून द्यायला हवी होती. ती न घेता मी लिहून दिलं की सगळे हक्क माझे आहेत.

नायकांच्या शेजारी बसलेले तांड्याचे कारभारी म्हणाले, "म्हंजे बैल तांड्याचा, अन दाखला सराच्या नावचा."

लोक हसले. मागून एक बाई उठली. "अन माहं नाव काढलं कायले? म्या भाकर तव्यावर टाकून आलती आवाज द्याले. करपली थे."

"नावांचं पान राहिलं असतं तर कंपनीच्या लक्षात आलं असतं."

"म्हंजे आमी दिसलो असतो तं तुमी पकडल्या गेले असते."

"हो."

"पाय वं माय," ती शेजारणीला म्हणाली, "शिकलेला माणूस."

नायक सुपारी कातरत होते. "त्या साहेबानं किती चिठ्ठ्या पाठवल्या?"

"दोन."

"तुमी किती?"

"एकही नाही."

"अन उद्या आमी धरण्यावर बसून कोणाले शिव्या देल्या असत्या?"

"ज्याची चूक नाही त्याला."

नायकानं अडकित्ता मिटला. "माह्या एका होवर तुमी हे सारं उभं केलं. थो हो मी वापस घेतो. आता माह्याकडून कोणासाठी बी हो नाही. घरोघर जा, एकेकाले इचारा. जो नाही म्हणन त्याचा शब्द काढा. अन पयले त्या साहेबाले लिहा. आत्ता, अठीच."

म्हातारी माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. नायकानं दिलेला शब्द परत घेणं त्यांनीही पाहिलं नसावं. तोपर्यंत मला वाटत होतं की ठपका माझ्यावर आला आणि मिटलं. पण मी नायकांना त्यांची एक जुनी रीत सर्वांसमोर मोडायला लावली होती.

पत्र मी तिथेच फोनवर लिहिलं, वाक्यावाक्याला मराठीत सांगत. गुरुजी शेजारी येऊन बसले होते. एका वाक्याला त्यांनी थांबवलं.

"'गैरसमज झाला' कायले लिहिता? तुमाले तं सारं समजलं होतं."

ते वाक्य मी काढलं.

उत्तर आठवड्यानं आलं, लहानसं. कळवल्याबद्दल आभार. चारपैकी तिघांनी सूट दिली होती. चौथ्यानं केलेला भाग काढून मी नव्यानं लिहिला, त्याला दीड महिना लागला. तेवढ्यात संध्याकाळी शाळा सुटल्यावर तांड्यावर जाऊन घरोघर विचारत होतो. प्रत्येक ओट्यावर तीच अट पुन्हा सांगायची: या एका दुकानातून घेतलेलं पुढे देता येणार नाही, बाकी सगळीकडे येईल, चालेल का? कोणी चहा दिला, कोणी उभं ठेवलं. भाकरवाल्या बाईनं आधी स्वतःचं नाव फोनात दाखवायला लावलं, मग हो म्हटलं. बैलाच्या साजाचे शब्द देणाऱ्या म्हाताऱ्यानं नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं नाही. त्याचे शब्द काढले.

शेवटी याडीचे आवाज राहिले. गुरुजींच्या मुलानं फोनवर लगेच हो सांगितलं होतं. गुरुजींना मी सर्वांत शेवटी विचारलं, कारण ते हो म्हणतील असं धरून चाललो होतो.

"तिनं हो कोणाले म्हटलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नायकांना. म्हणजे, नायकांनी..."

"नायकानं वापस घेतला. आता तिले इचाराले जाता येत नाही. मंग तिचा हो कुठं हाय?"

"मुलगा म्हणतो चालेल."

"मुलाचा आवाज असन तं घाला."

मी म्हटलं, गुरुजी, निम्म्याहून जास्त शब्द मुके होतील. ज्या नातीसाठी हे सुरू केलं तिलाच ऐकू येणार नाही.

"तिले कायले दुकान पाहिजे? माह्यापाशी साऱ्या फायली हायेत. पेन ड्राइव्हमधी भरून देतो. तिच्यापासून मंग कोणालेबी घेता येईन." मग म्हणाले, "हे पयलेच जमत होतं न?"

"जमत होतं."

ते उठले. आत गेले आणि बऱ्याच वेळानं पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. बाजाराच्या दिवशी आता ते शाळेत येत नाहीत. रस्त्यात भेटले तर राम राम होतो. मला ते 'सर' म्हणत, आता नुसतं 'तुमी' म्हणतात.

एक गोष्ट मात्र त्यांनी मुद्दाम बोलावून सांगितली. याडीच्या शब्दांपुढचं बटन काढायचं नाही. दाबणाऱ्याला आवाज का नाही ते तिथे वाचता आलं पाहिजे. मी लिहून नेलं: काही कारणास्तव हा आवाज येथे उपलब्ध नाही.

"कोणतं कारण?" गुरुजींनी विचारलं आणि कागद परत दिला.

दुसऱ्यांदा लिहिलं: हा आवाज पुढे देण्यासाठी दिला होता. या दुकानातून तो पुढे देता येत नाही, म्हणून येथे नाही.

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. "अन तुमचं?"

मग खाली आणखी एक ओळ घातली: याआधी तो येथे न विचारता ठेवला होता आणि देणाऱ्यांची नावं काढली होती, ते मी केलं. त्यापुढे माझं नाव आहे. दीड हजारांच्या आसपास शब्दांपुढे ती ओळ येते, प्रत्येक वेळी बटन दाबलं की.

कंपनीच्या तपासणीत ते तीन दिवसांत पास झालं. तपासणाऱ्याला मराठी येत असेल असं वाटत नाही.